पेटी क्रमांक एकतीस

सात. पांढऱ्या पुठ्ठ्यावर जाड काळ्या शाईने काढलेला सात, तारेच्या दोन पायांवर गवतात खोचलेला आणि वाऱ्याने जरासा मागे कललेला – आर्डिसला आधी तो दिसला, थडगं नंतर. थडगं पाहायला तिला डोळ्यांची गरज नव्हतीच. मर्ल गेल्यापासूनची आठ वर्षं आणि त्याच्या आधीची एकोणचाळीस, दर मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती ओक हिलच्या याच उतारावर येत होती, हातात कॉफीचा रिकामा डबा, डब्याला चंदेरी कागद गुंडाळलेला, डब्यात परसातल्या पिओनी आणि पिओनींवर मुंग्या. आकडा मात्र नवा होता. इतिहास मंडळाच्या डोना विटकोपने सकाळी येऊन रोवला असणार. दुकानातल्या मालाला लावतात तसा नवऱ्याच्या पायाशी आकडा, आणि तो लावण्याआधी बायकोला एका शब्दाने विचारावं हे काही डोनाच्या डोक्यात आलं नसणार. विचारून काही करण्याची या काउंटीत पद्धतच नाही.

तिने डबा खाली ठेवला. मर्लसाठी नाही, मोठ्या दगडाच्या पुढे जमिनीसरशी बसवलेला जो लहानसा चौकोनी दगड होता, त्याच्यासाठी – लोइस, नऊ दिवस, १९६४. पण ठेवायचा अशा बेताने की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, सिनेटरसाहेबांना फुलं आली. लोक बघतात. शनिवारी फुलं दिसली नाहीत तर सोमवारपर्यंत गावभर होतं, आणि मग कुणीतरी भोपळ्याचा केक घेऊन दाराशी येतं, डोकं एका बाजूला कलवून विचारतं, बरं आहे ना. बरं आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई जेवढी बरी असायची तेवढी.

मोठा दगड तांबूस ग्रॅनाइटचा होता, आडवा, दोन माणसांचा. डावीकडे मर्ल ए. टॉलेफ्सन, स्टेट सिनेटर, दोन सालं. उजवीकडे आर्डिस एम., १९४१ – आणि त्या रेघेच्या पुढे नुसता गुळगुळीत दगड. मर्लने तो जिवंतपणीच घडवून घेतला होता, आणि तिला कळलं ते कसं, तर वाणसामान घेऊन येताना गाडीतून सहज मान वळवली तेव्हा. आपलं नाव. कुणीतरी आपल्याला अर्धवट लिहून ठेवलंय आणि उरलेलं लिहायला तो माणूस केव्हाही येईल, असं तेव्हा वाटलं होतं. संध्याकाळी ती म्हणाली, "मला विचारायचंस तरी." त्यावर मर्ल हसला, ते सभेतलं हसू, समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरून हसायचं ते. "अगं, तू दुसरीकडे कुठे जाणार आहेस?"

खरंच, कुठे जाणार होती. लोइस इथे होती.

डोनाची पुस्तिका तिच्या पर्समध्ये होती, फिक्या निळ्या कव्हराची. काउंटीतल्या पाच दफनभूमींत मिळून एकोणीस पुढारी पुरलेले, त्यांतले अकरा एकट्या ओक हिलमध्ये. सोमवारी मेमोरियल डेला इतिहास मंडळाची फेरी – दरवर्षी असते, गावातली हौशी मंडळी मेलेल्यांचे कपडे घालून त्यांच्या थडग्यांशी उभी राहतात आणि 'मी अमुक, माझा जन्म तमुक साली' म्हणून तीन-तीन मिनिटं बोलतात. लोक लिंबाचं सरबत पीत एका थडग्यावरून दुसऱ्याकडे जातात. कधी पहिले वसाहतकरी असतात, कधी शाळामास्तरणी. या वर्षी पुढारी. क्रमांक एक, वॉशिंग्टनला दोनदा निवडून गेलेला खासदार, त्याचा दगडी स्तंभ टेकडीवर सर्वांत उंच होता. मग त्याने पाडलेला उमेदवार मेला, तर त्याच्या मुलांनी स्तंभ हातभर जास्त उंच केला, तो क्रमांक दोन. क्रमांक चार सहा आठवडे उपराज्यपाल होता. क्रमांक पाचने जन्मभर दारूबंदीवर व्याख्यानं दिली आणि त्याचं यकृत त्याच्याआधी गेलं. पुस्तिकेत यातलं काही नाही. पुस्तिकेत सगळे दूरदृष्टीचे, सगळे गरिबांचे कैवारी, सगळ्यांनी पूल बांधले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. आणि एकोणीस पुढाऱ्यांच्या पंचवीस बायका, आर्डिसने मोजल्या होत्या दगडांवरून, काही दगडांवर तर 'त्याची पत्नी' एवढंच – त्यांतल्या एकीचंही नाव पुस्तिकेत नव्हतं. त्या पंचवीसजणींनी इस्त्र्या केल्या असतील, स्टेजवर मागच्या खुर्चीत बसून तेच भाषण चाळीसदा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं असेल. तिला त्या सगळ्यांचा राग आला, पुढाऱ्यांपेक्षा जास्त. बसल्या कशाला?

सकाळी वेंडलचा फोन आला होता. तिचा धाकटा भाऊ, चौऱ्याहत्तर वर्षांचा, पलीकडच्या टेकडीवरच्या लुथेरन चर्चच्या दफनभूमीत त्याने आपल्या घरची अख्खी रांग धरून ठेवली होती, आणि रांगेत एक जागा शिल्लक होती.

"आर्डी, उद्या प्रार्थनेनंतर चर्चच्या मंडळाची बैठक आहे. हो की नाही एवढं सांग. नाहीतर ती जागा श्रोडरच्या सासूला जातेय, आणि त्या बाईशेजारी मी कल्पान्तापर्यंत पडून राहणार नाही."

"मेल्यावर तुला काय कळणार आहे?"

"तिचा आवाज तू ऐकलेला नाहीस." मग, "आमच्याकडे ये गं. आमच्या इथे भाषणं नाहीत. मी घोरतो तेवढंच."

"संध्याकाळी सांगते."

"हेच तू आठ वर्षं सांगतेयस. सिनेटरसाहेबांच्या दगडावर नाव आहे म्हणून काय झालं, दगडावरचं घासून निघतं."

दगडावरचं घासून निघतं. पण आईने लेकीला सोडून भावाच्या रांगेत जाऊन झोपायचं, हे कसं घासायचं, ते वेंडलला सांगता येत नव्हतं. नऊ दिवसांची मुलगी, आणि तिला त्या माणसाजवळ एकटी ठेवायची. ज्याने तिला वापरलं.

वापरलंच. दुसरा शब्द तिने सत्तेचाळीस वर्षांत शोधून पाहिला होता. लोइसला पुरलं होतं बेल क्रीकच्या चर्चमागे, आर्डिसच्या वडलांच्या शेजारी, तुतीच्या झाडाखाली. मग धरण आलं. धरण मर्लने आणलं – पहिल्यांदाच निवडून आला होता, चौतीस वर्षांचा, आवाजात अजून खरी तळमळ होती – आणि बेल क्रीक बुडणार होतं, शेतं, चर्च, मागची अठ्ठ्याहत्तर थडगी. थडगी हलवायला घरच्यांची सही लागायची आणि कुणी सही देईना. तेव्हा मर्लने पहिली सही स्वतः केली. लोइसच्या कागदावर. बाराच्या बातमीपत्रात ते आलं, सिनेटरने आपल्या तान्ह्या मुलीपासून सुरुवात केली. मग कोण नाही म्हणणार? महिन्याभरात सत्त्याहत्तर सह्या झाल्या. आर्डिस त्या वेळी मिनेसोटात बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. परत आली तेव्हा ओक हिलमध्ये हिरवळीचा तुकडा नव्याने बसवलेला होता, चहूबाजूंनी शिवण दिसावी तसा. आता बेल क्रीकवर मोटरबोटी धावतात, पोरं पाण्यावर घसरत किंचाळतात, आणि बोटी उतरवायच्या धक्क्याला मर्लचं नाव आहे.

"मिसेस टॉलेफ्सन! मला वाटलंच तुम्ही इथे असाल."

केंट फ्रेरिक्स. विमा एजंट, सोमवारच्या फेरीतला मर्ल, पन्नाशीचा, चढ चढून धापा टाकणारा, आणि अंगात मर्लचा राखाडी कोट. हा कोट तिने स्वतःच्या हातांनी चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत टाकला होता. तिथून तो डोनाने उचलला असणार. कोट केंटला पोटावर बसत नव्हता, पण खांदे – खांदे मर्लचेच.

"बटणं लागत नाहीत," केंट म्हणाला.

"त्यालाही शेवटी लागत नव्हती."

तो हसला, मग थडग्यासमोर हसलो म्हणून ओशाळला. "सोमवारच्या आधी एकदा तुम्हाला म्हणून दाखवावं म्हटलं. तुम्ही मजकूर लिहून देणार होतात, पण डोना म्हणाली तुम्हाला जमलं नाही..."

"मला जमलं नाही असं नाही. मी लिहिला नाही."

"हो, हो. मग मीच कोर्टाच्या तळघरात जाऊन बसलो. तीन दिवस! जुने कागद काढले. एक गोष्ट मिळालीये ना, लोक रुमाल काढतील. ऐका हं." त्याने घसा साफ केला, एक पाऊल पुढे टाकलं, उजवा हात कोटाच्या खिशात घातला – हे त्याला कुणी शिकवलं? मर्ल असाच हात घालायचा – आणि आवाज खाली आणला. "मी मर्ल टॉलेफ्सन. मी या काउंटीला पाणी दिलं, पण त्याची किंमत मी माझ्या घरातून दिली. बेल क्रीकची थडगी हलवायची वेळ आली तेव्हा मी दुसऱ्या कुणाला पुढे केलं नाही. सोळा ऑक्टोबर एकोणीसशे बहात्तर. पाऊस लागलेला. त्या दिवशी सकाळपासून मी स्वतः खड्ड्याशी उभा होतो. पेटी क्रमांक एकतीस. माझी लोइस. पेटीत होती फक्त माती. आणि मी म्हणालो, मातीतून मातीकडे, आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली."

तो थांबला. मग आपल्या खऱ्या आवाजात, "कसं वाटलं?"

"मधलं परत म्हण."

"खड्ड्याशी उभा होतो?"

"पेटीत काय होतं ते."

"फक्त माती. म्हणजे तसंच लिहिलंय, थांबा, माझ्याकडे प्रत आहे." त्याने मर्लच्या कोटाच्या आतल्या खिशातून घडी काढली. "हे बघा, नोंदवही. क्रमांक, नाव, वय, पेटीचं माप, पेटीत काय. काहींपुढे हाडं लिहिलंय, काहींपुढे हाडं आणि बटणं, एकाची तर अंगठी. लहान मुलांपुढे बहुतेक... मला वाटलं, ते बायबलातल्यासारखं आहे, माती. म्हणून मी ते घेतलं." त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "मिसेस टॉलेफ्सन, तुम्हाला हे माहीत होतं ना?"

चष्मा घरी राहिला नव्हता, नाकावरच होता. एकतीस. लोइस टॉलेफ्सन. नऊ दिवस. लहान. माती. आणि शेवटच्या रकान्यात ती सही, एम.चे दोन उंच डोंगर आणि मागे लांबवलेली शेपटी, जी तिने निवडणुकीच्या हजार पत्रांखाली पाहिली होती.

"मला सगळं माहीत होतं," ती म्हणाली.

बहात्तरचा ऑक्टोबर, स्वयंपाकघर. ती प्रवासाच्या कपड्यांतच, कोटही काढलेला नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभी, आणि ओरडतेय, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं – तू तिला उकरलंस, मला न विचारता तू तिला उकरलंस – आणि मर्ल सिंकपाशी पाठमोरा, नखांतली माती ब्रशने घासत. मग तो वळला. हात ओले. म्हणाला, "ती सगळी नीट आलीये, आर्डिस. मी पाहिलं. लोकरीचा टोपसुद्धा होता. तू विणलेला. पिवळा आहे अजून."

पिवळा आहे अजून. ती खुर्चीवर बसली होती. त्या एका वाक्यावर ती बसली, जेवली, झोपली. सत्तेचाळीस वर्षं दर मेमध्ये डबा घेऊन आली. मर्लला तिने क्षमा केली नाही – ती गोष्ट वेगळी – पण टोप होता. पुढे नव्या उमेदवारांना तो त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवायचा, ती कॉफी ओतत असताना: लोकांना आकडे देऊ नका रे, हातात धरता येईल अशी एक वस्तू द्या, मग बाकीचं ते आपणहून धरतात. ती कॉफी ओतत होती आणि तिला काही वाटलं नव्हतं. ताकास तूर न लागू देणारा माणूस, राजधानीत बावीस वर्षं, आणि घरात येऊन त्याने तीच विद्या तिच्यावर... तिला बांधून घातलं एका टोपाने. या दगडाला. रेघ कोरून झाली तेव्हा हसला – दुसरीकडे कुठे जाणार आहेस – कारण त्याला ठाऊक होतं, खाली काय आहे आणि काय नाही.

किंवा मग तो तिच्याकडे पाहून घाबरला होता. ओले हात तसेच धरून उभा होता, पुसायचं विसरून. पण नाही, हे तिला नको होतं. दया तर मुळीच नको. तो जर त्या दिवशी दयेने खोटं बोलला असेल तर सत्तेचाळीस वर्षांच्या रागाचं मी काय करू, कुणाकडे परत करू?

आता जायला मोकळीक होती. वेंडलची रांग, घोरणं, भाषणं नाहीत. इथे लोइस नाही. इथे मर्ल आहे आणि एका लहान पेटीत बेल क्रीकची फावडाभर माती आहे, आणि लोइस कुठे आहे तर त्या पाण्याखाली, तुतीच्या बुंध्याशी, वरून बोटी जातायत. मोकळीक अशी असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने दगडावर हात टेकला. टेकला तो नेमका आपल्याच नावावर.

"मी ते काढून टाकतो," केंट म्हणत होता. "पूल वगैरेंचं बोलतो. मी मूर्ख आहे, मला वाटलं..."

"मर्ल," ती म्हणाली.

केंटने मागे वळून पाहिलं.

"तुलाच म्हणतेय. कोट घातलायस ना? मग सांग. पेटीत काय होतं?"

तो गोंधळला. मग, बिचारा, त्याला वाटलं असावं की ही तालीमच आहे. श्रोते प्रश्न विचारतात, तयारी ठेवा, असं डोनाने बजावलं होतंच. त्याने हात पुन्हा खिशात घातला आणि आवाज खाली आणला. "तिथे जे होतं, ते सगळं मी आणलं, बाईसाहेब. काही मागे ठेवलं नाही."

वा. अगदी तसंच. एक शब्द खोटा नाही आणि एक शब्द खरा नाही. तिला हसू आलं, कडू, आणि तिने ठरवलं की आता बोलायचं. या विमा एजंटला, मग डोनाला, सोमवारी सगळ्या काउंटीला, सरबताचे पेले हातात धरून उभे असलेल्यांना: यांच्या सिनेटरने बायकोला काय सांगितलं आणि वहीत काय लिहिलं. क्रमांक सात. सत्त्याहत्तर घरांनी त्याचं पाहून सह्या केल्या, त्यांच्या म्हाताऱ्यांनाही कळू दे आपण मे महिन्यात कशाला फुलं वाहतो ते. तिने तोंड उघडलं.

"एक वाक्य राहिलंय तुझ्या भाषणात," ती म्हणाली. "लिहून घे."

केंटने पेन काढलं, घडी गुडघ्यावर धरली.

"टोप होता."

"काय?"

"लोकरीचा टोप. तिच्या आईने विणलेला. पिवळा होता अजून. माती आणि टोप, असं म्हण."

केंटने नोंदीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पण इथे तर फक्त..."

"सरकारी माणूस लोकर लिहीत बसतो का? मी त्याची बायको आहे. मला त्याने त्याच रात्री सांगितलं."

त्याने लिहिलं. ओठ हलवत, शाळकरी पोरासारखं. मग वर पाहिलं तर त्याचे डोळे भरलेले. "मिसेस टॉलेफ्सन, यावर तर लोक..."

"हो. म्हणून दाखव."

आणि त्याने म्हटलं, राखाडी कोटात, आवाज खाली आणून, टोप होता, पिवळा होता अजून. आणि ते ऐकताना आर्डिसच्या छातीत काहीतरी सैल होऊन खाली बसलं, अगदी त्या रात्री खुर्चीवर बसलं होतं तसं, आणि तेव्हाच तिला कळलं की तिला त्या रात्रीही कळलं होतं. शेतकऱ्याची मुलगी ती; आठ वर्षं त्या ओल्या चिकणमातीत लोकर टिकते का, आणि रंग टिकतो का, हे तिला कुणी सांगायला हवं होतं? त्याने खोटं पुढे केलं आणि तिने ते धरलं. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात घर त्याचं होतं, नाव त्याचं, मित्र त्याचे, दगड त्याचा. दोघांची मिळून अशी ही एवढी एकच गोष्ट होती, आणि ती पहिल्या दिवसापासून दोघांची होती. याबद्दल तिला मर्लचा असा संताप आला, असा ताजा, तिशीतला, की आठ वर्षांत पहिल्यांदाच तो मेलाय हे तिला सोसवेना. केंट विचारत होता, शेवट इथेच करू की पुलाचं पण घेऊ. वेंडलला संध्याकाळी काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

"आणखी एकदा म्हण," ती म्हणाली, "आणि जरा सावकाश."